इलाज संपला हे कोण ठरवणार?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ पेशंटला भेटतो तेव्हाचे प्रश्न ठरलेले असतात. दात हलतोय का, जिना चढताना दम लागतो का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, याआधी कधी भूल घेतली होती का. मिरज-सांगलीत माझं आयुष्य हेच विचारण्यात गेलं. वारणाकाठच्या जैन म्हाताऱ्यांकडून मात्र उलटा मलाच एक प्रश्न येतो, आणि तो बहुतेकदा मुलाला औषधं आणायला बाहेर पिटाळून. "बाई, सगळी भूल नगं. कमरेतनं द्या. झोपंतच गेलो तर णमोकार ऱ्हायचा."

मरणाची भीती सगळ्यांनाच असते. ही णमोकार मंत्र ओठांवर नसताना, बेसावध मरण्याची भीती आहे. मी याच समाजात वाढले, त्यामुळे ती मला समजावून घ्यावी लागत नाही. यांतले काही जण तर थिएटरमध्ये येण्याआधी सागारी व्रत घेतात. म्हणजे अट घालून केलेला त्याग. टेबलावरनं खाली उतरेपर्यंत चारही आहार बंद. उतरलो तर व्रत सुटलं, नाही उतरलो तर तोच शेवटचा त्याग. आमचाही नियम जवळपास तोच. घन अन्न सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधी. इतरांना हे दहादा बजावलं तरी सकाळी कुणीतरी चहा-बटर खाऊन येतोच, आणि यादी कोलमडते. ह्यांना सांगावं लागत नाही.

अडचण दुसरीकडे येते. कॅप्सूलच्या वेष्टनातलं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे आता खेड्यातल्या बायकांनाही माहीत झालंय. त्या कॅप्सूल फोडून आतली पूड पाण्यातून घेतात आणि औषधाची वाट लावतात. पण झोपेसाठी शिरेतून देतो त्या प्रोपोफॉलचा दुधासारखा पांढरा रंग सोयाबीनच्या तेलातून आणि अंड्यातल्या लेसिथिनमधून आलेला असतो, याची कुणाला कल्पना नसते. विचारलं तर खरं सांगायचं हे सोपं आहे. न विचारता सांगायचं का? मी सांगते. म्हातारा क्षणभर गप्प बसतो आणि म्हणतो, "औषध हाय न्हवं? मग द्या. मागनं प्रायश्चित्त घिऊ."

सावधपणा घालवणं आणि परत आणणं यावर माझं पोट चालतं. म्हणून तो म्हणजे नेमकं काय, हे मला नीट ठाऊक असेल असं लोकांना वाटतं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टननं इथरची भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे दाखवलं. त्यानंतर औषधं बदलली, यंत्रं बदलली, धोका कितीतरी कमी झाला. कुठलं औषध मेंदूतल्या कुठल्या रेणूला चिकटतं हेही आता सांगता येतं. पण तेवढ्यानं माणसाची जाणीव का विझते, याचं पुरं उत्तर अजून कुणाकडे नाही. कपाळाला पट्टी लावून बीस मॉनिटर मेंदूतल्या विजेवरून शून्य ते शंभर असा एक आकडा दाखवतो. तो ४० ते ६० मध्ये असला की आम्ही समाधानी. आकडा लहरींचा असतो, जाणिवेचा नाही. टनस्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञानं १९७७ मध्ये एक साधी युक्ती काढली. स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे त्या हातापुरतं औषध पोचत नाही. मग गाढ दिसणाऱ्या पेशंटच्या कानाशी म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जण दाबतात. शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काहीही आठवत नाही.

मेंदू-संशोधनानं गेल्या वीस वर्षांत हे कोडं आणखी अवघड केलं. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी इंग्लंडमधल्या एका बाईला एमआरआय यंत्रात ठेवलं. अपघातानंतर ती डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही अशा अवस्थेत होती. तिला सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. मग सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांतून हिंडताय अशी कल्पना करा. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसाचे उजळतात. एका बाईवरून नियम करू नये, हे खरं. पण २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांचा एकत्र अभ्यास आला. सांगितलेलं काहीच करत नाहीत अशा २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत सूचनेला उत्तर सापडलं. चारांत एक. पलंगाशी उभं राहून "ह्यांना आता काही कळत नाही" असं नातेवाइकांना सांगणारे आम्ही सगळे डॉक्टर त्या दिवसापासून थोडे हळू बोलू लागलो असू, अशी आशा आहे.

मरणाच्या वेळचंही तसंच. २०२३ मध्ये मिशिगनच्या जिमो बोर्जिगिन यांनी व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी छापल्या. चौघांपैकी दोघांत शेवटच्या मिनिटांत अतिवेगवान लहरींची उसळी दिसली. आमच्या समाजाच्या व्हॉट्सअॅप गटांवर ती लगेच "आत्मा बाहेर पडताना विज्ञानानं पकडला" म्हणून फिरली. त्या दोघांना आधीपासून फिट्स येत होत्या, हे कुणी फिरवलं नाही. त्याआधी २०१९ मध्ये येल विद्यापीठात नेनाद सेस्तान यांच्या गटानं कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंत, जनावर मरून चार तास झाल्यावर, रक्ताच्या जागी खास द्रव फिरवून पेशींचं काम पुन्हा सुरू केलं. जाणीव परत आली नाही. येऊ नये म्हणून मज्जापेशींना गप्प ठेवणारी औषधं त्या द्रवातच घातलेली होती. शिवाय मेंदूत लहरींची काही घडी बसताना दिसलीच तर लगेच भूल द्यायची, अशीही तयारी ठेवली होती. मेलेल्या डुकराच्या मेंदूसाठी भूल तयार ठेवायची वेळ आली, हे वाचून माझ्यातली भूलतज्ज्ञ हसली आणि माझ्यातली जैन बाई बराच वेळ हसली नाही.

एवढ्या प्रस्तावनेनंतर मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या भागात सल्लेखना, म्हणजे व्रत घेऊन अन्नपाणी सोडत देह ठेवणं, ही पोथीतली गोष्ट नाही.  या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात पूर्वापार जैन शेतकरी आहेत, गावोगाव बस्ती, म्हणजे जैन मंदिरं, आहेत, आणि कुणीतरी सल्लेखना घेतल्याची बातमी वर्षा-दोन वर्षांत कानावर येते. सांगलीजवळच्या समडोळीत १९२४ मध्ये शांतिसागर महाराजांना आचार्यपद मिळालं. याच महाराजांनी १९५५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्यांचा देह पडला. वय त्र्याऐंशीच्या घरात.

कारण काय होतं, हे आमच्याकडे पोरांनाही सांगितलं जातं. दृष्टी जात चालली होती. मुनीला चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं असतं, ओंजळीत पडलेला घास निरखून मगच तोंडात घालायचा असतो. दिसत नसेल तर पायाखाली जीव जाणार, घासात जीव जाणार. मग अहिंसेचं व्रत मोडून जगायचं की व्रत सांभाळून देह सोडायचा? त्यांनी दुसरं निवडलं. महाराजांचं सगळंच मला पटतं असं नाही. हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लागू करू नये म्हणून त्यांनी तीन वर्षं अन्नधान्य सोडलं होतं, तो हट्ट मला चुकीच्या बाजूचा वाटतो. पण १९५५ च्या निर्णयातला हिशोब मात्र विलक्षण स्वच्छ आहे. किती जगलो हे त्यांनी मोजलं नाही. ज्यासाठी जगतो ते या देहाकडून होतंय का, एवढंच मोजलं.

आणि गंमत म्हणजे दीर्घायुष्याचं आजचं विज्ञान नेमकी हीच भाषा बोलायला लागलंय. वर्षं वाढवू नका, धडधाकट वर्षं वाढवा, असं ते म्हणतं. तिथली धडधाकटपणाची व्याख्या चालणं, जिना चढणं, आठवणं अशी असते. महाराजांची मुंगी दिसणं अशी होती.

आता प्रश्न. सल्लेखना कधी घ्यावी याची अट समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात दिलेली आहे. संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग, आणि त्यावर काही इलाज उरलेला नसणं. लोक पहिले चार शब्द पाठ म्हणतात. मला शेवटची अट महत्त्वाची वाटते, कारण ती वैद्यकाच्या हातात आहे आणि ती दर दशकात सरकते. मोतीबिंदू असेल तर आज मिरजेत पाव-अर्ध्या तासात, डोळ्यात नुसते थेंब टाकून, निघतो. काचबिंदूनं दृष्टीची नस वाळली असेल तर आजही गेलेली नजर परत येत नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेनं 'नेचर'मध्ये दाखवलं, की शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये शोधलेल्या चार जनुकांपैकी तीन जनुकं उंदरांच्या डोळ्यात सोडली तर नसेच्या पेशींची घड्याळं मागे फिरतात. काचबिंदूसारखी इजा केलेल्या आणि नुसत्या म्हाताऱ्या झालेल्या, अशा दोन्ही उंदरांची नजर सुधारली. यामानाकांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं ते याच पेशी मागे फिरवण्याच्या शोधासाठी. उंदरावर झालं म्हणजे माणसावर झालं असं नाही, हे मी दिवसातनं चारदा सांगते. पण समजा, उद्या झालं. म्हातारपण हाही इलाज करता येणारा आजार ठरला. मग त्या चारांतलं म्हातारपण हे कारण खोडायचं का?

हे मी आमच्या बस्तीतल्या उपाध्येंना विचारलं. ते शांत माणूस. म्हणाले, "डॉक्टर, आयुकर्म बांधलेलं असतंय. ते कमी होऊ शकतंय, वाढत नाही." तत्त्वार्थसूत्रात हे खरंच आहे. विष, शस्त्र, अपघात यांनी बहुतेकांचं आयुष्य वेळेआधी तुटू शकतं. बांधलंय त्याच्या पुढं मात्र ते जात नाही. मी म्हटलं, स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य ३२ च्या आसपास होतं, आता सत्तरीला पोचलंय. एवढ्या सगळ्यांची कर्मं एकदम सुधारली? ते हसले. "न्हवं. ही माणसं आधी अकाली मरत हुती. तुम्ही अकाली मरण थांबवलंसा. आयुष्य वाढवलं न्हाईसा."

त्या उत्तरानं मी चकित झाले, कारण जीवशास्त्रातले लोकही अगदी हेच सांगतात. लशी, स्वच्छ पाणी, बाळंतपणातली काळजी, प्रतिजैविकं यांनी सरासरी वाढवली. माणसाच्या आयुष्याची वरची कड जवळपास हलली नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ बाई १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी गेल्या, आणि त्यांचा विक्रम अजून शाबूत आहे. म्हणजे देवीच्या लशीनं किंवा पेनिसिलिननं आयुकर्माच्या सिद्धांताला धक्का लागला नाही. खरा धक्का आत्ता बसू घातलाय. रापामायसिन नावाचं औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. ते वेगळं काढणाऱ्या कॅनडातल्या गटातले सुरेन सेहगल फाळणीपूर्व भारतात जन्मलेले. मूत्रपिंड-रोपणानंतर शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून ते वर्षानुवर्षं वापरात आहे. २००९ मध्ये ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशोबात साठीच्या, उंदरांना दिलं, तर माद्यांच्या आयुष्याची वरची कड १४ टक्के आणि नरांची ९ टक्के पुढं गेली. इथं अकाली मरण थांबवलं असं म्हणता येत नाही. इथं कडच सरकली. आणि जैन शास्त्राप्रमाणे आयुकर्म उंदरालाही असतंच.

उपाध्ये म्हणाले, "त्या उंदरांचं आयुष्य तेवढंच बांधलेलं असणार. औषध नुसतं निमित्त."

इथं मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. मिरजेच्या ज्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकले, तिथेच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर माझ्या कितीतरी आधी शिकून गेले होते. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची एक सवय मला लागली आहे. दावा करणाऱ्याला आधी विचारायचं, काय घडलं तर तुम्ही हा दावा सोडाल? उंदीर लवकर मेला तरी बरोबर, उशिरा मेला तरी बरोबर, अशा उत्तरानं उंदराबद्दल काहीच कळत नाही. आयुकर्माला जीवशास्त्राचा सिद्धांत म्हणून उभं करायचं असेल तर ते २००९ मध्येच पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मरणाकडे कसं बघावं याची शिकवण म्हणून ते मला अजून उपयोगी वाटतं. या दोन्ही गोष्टी मी उपाध्येंना तोंडावर सांगितल्या. त्यांनी मला ताक दिलं.

तत्त्वार्थसूत्रातच सल्लेखनेचे पाच दोष सांगितलेले आहेत आणि त्यांतले पहिले दोन माझ्या मते आजच्या सगळ्या दीर्घायुष्य-उद्योगाला पुरून उरतात. व्रत घेतल्यावर आणखी जगावंसं वाटणं हा दोष. आणि लवकर मरावंसं वाटणं हाही तितकाच दोष. अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचे श्रीमंत गृहस्थ "मरू नका" अशी घोषणाच घेऊन बसलेत. दिवसभर मोजमाप, मूठभर गोळ्या, संध्याकाळ व्हायच्या आत शेवटचं जेवण. शेवटचं सोडून बाकी सगळं पहिल्या दोषात बसतं. सूर्यास्ताआधी जेवायला आमच्या आज्ज्यांना कुणी कोट्यवधी डॉलर दिले नव्हते.

उपवासाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पर्युषण आलं की मला हमखास एक फॉरवर्ड येतो. योशिनोरी ओहसुमींना २०१६ चं नोबेल उपवासाच्या फायद्यासाठी मिळालं, असं त्यात लिहिलेलं असतं. ते मिळालं पेशी आपलाच कचरा कसा मोडून पुन्हा वापरते याची यंत्रणा उलगडल्याबद्दल, आणि काम झालं ते यीस्टवर. यीस्ट अष्टमी पाळत नाही. माणसांवरचा नीट प्रयोग म्हणजे अमेरिकेतला कॅलरी-कपातीचा. लठ्ठ नसलेले २१८ लोक, दोन वर्षं. पंचवीस टक्के कमी खायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात सरासरी बारा टक्के जमलं. त्यांच्या रक्तदाबात, चरबीत सुधारणा दिसली, आयुष्य वाढलं की नाही हे दोन वर्षांत कळायचं नाही. व्रताचा फायदा सिद्ध करायला प्रयोगशाळेचा दाखला लागतो, असं ज्याला वाटतं त्यानं ते व्रत डाएट म्हणून खुशाल करावं. त्याला व्रत म्हणू नये.

आता घरातली गोष्ट. माझी मोठी चुलती, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. कळला तेव्हा यकृतात पसरलेला. ज्यांच्यावर माझा विश्वास आहे अशा दोन कॅन्सरतज्ज्ञांनी सांगितलं, केमोनं फार तर काही आठवडे मिळतील. पोटातून पाठीत जाणारी ती वेदना ज्यानं बघितली नाही त्याला सांगून समजायची नाही. मॉर्फिननं दुखणं थांबायचं, पण ती पेंगायची, आणि पेंगण्याबद्दलच तिची तक्रार होती. "मला जागं ठेव. दुखू दे नसलं तर, पण जागं ठेव." या वेदनेसाठी भूलतज्ज्ञाकडे एक उपाय असतो. पालथं झोपवून, एक्स-रेच्या मदतीनं पाठीतून लांब सुया घालून, महाधमनीपुढच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात निर्जल अल्कोहोल सोडायचं. ते जाळं जळतं, वेदनेची वाट बंद होते, डोकं साफ राहतं. माझ्याच सहकाऱ्यानं ते केलं. मी तिचा हात धरून उभी होते. नंतर तिला सांगितलं काय टोचलं ते. म्हणाली, "दारू? ह्या वयात?" आणि किती दिवसांनी खुदकन हसली.

दुखणं गेलं, मग शुद्धीत, स्वतः बोलून, मुनींसमोर तिनं नियम सल्लेखना घेतली. नियम म्हणजे मुदतीची. मुदत संपली की पुढं न्यायची की सोडायची हे तिचं ती ठरवणार. यम म्हणजे मरेपर्यंत. हा फरक शास्त्रानं विचार करून ठेवलाय, माणसाचं मन बदलू शकतं हे ओळखून. चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. अक्काचा पासपोर्ट फोटो मोठा केलेला, खाली पाच-पन्नास शुभेच्छुकांची तोंडं. दर्शनाला ट्रॅक्टर भरून माणसं येऊ लागली. आणि एका दुपारी अक्कानं ताक मागितलं. खोलीत सातआठ बायका होत्या, कुणी हललं नाही. एक जण हळूच म्हणाली, "आता बोर्ड लागलाय की ओ." मी उठून ताक आणलं. ती दोन चमचे प्यायली, तोंड पुसलं, आणि स्वतःच म्हणाली, आता बास. नंतर नवी मुदत तिनं घेतली ती स्वतःच्या मनानं. गेली तेव्हा णमोकार चालू होता, तिचे ओठ हलत होते. तिला त्या वेळी कळत होतं का, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. २०२४ चा तो अभ्यास वाचल्यापासून नाही म्हणायची हिंमत मात्र गेली आहे.

फ्लेक्स लागला की नियमाची यम सल्लेखना होते, आणि ती करणारं शास्त्र नसतं, गाव असतं. २०१५ मध्ये १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला, म्हणजे सल्लेखनेलाच, आत्महत्येच्या पंक्तीत बसवलं, देशभर मूक मोर्चे निघाले, ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. स्थगिती मला योग्य वाटली. पण मोर्चात चालताना आपण फ्लेक्सबद्दल एक शब्द बोललो नाही. इंदूरला २०२५ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला आईवडिलांनी संथारा दिल्याची बातमी आली, तेव्हाही समाजातले बहुतेक गप्प होते. मूल आजारातून वाचणार नव्हतं हे मान्य. त्या आईबापाचं दुःख मोजायचा मला अधिकार नाही. पण जे व्रत सावध मनानं स्वतः घ्यायचं, ते तीन वर्षांच्या जिवाला दुसऱ्यानं देता येतं, हे मला कुठल्याही ग्रंथाचा हवाला दिला तरी मान्य होणार नाही.

इथून खरा कठीण भाग सुरू होतो आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. देह टिकवण्यात विज्ञान मेंदू टिकवण्याच्या पुढं धावतंय. हृदयाला स्टेंट, गुडघ्याला सांधा, मूत्रपिंडाला डायलिसिस. पण अल्झायमरसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅबसुद्धा घसरण थोडी मंद करतं, थांबवत नाही. नव्वदी गाठलेला, हृदय ठणठणीत असलेला आणि मुलाला न ओळखणारा माणूस, हे दृश्य आता घरोघरी दिसतं. असा माणूस व्रत घेऊ शकत नाही, कारण घेणाराच जागेवर नाही. मग त्यानं ते आधी, सगळं समजत असताना, अजून दहा वर्षं जगण्यासारखी असताना घ्यायचं? तेही अटीत बसत नाही. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं तेव्हा मन शाबूत होतं. सगळ्यांना ती वेळ साधता येत नाही.

एवढं मात्र मी पक्कं धरून आहे. इलाज आहे की नाही, हे सांगायचं काम वैद्यकाचं. तिथं मुनींनी, उपाध्येंनी, समाजानं पडू नये. कावीळ झालेल्या, पित्ताशयात खडा अडकलेल्या बाईला सल्लेखनेला बसवणं हे अज्ञान आहे, व्रत नाही. खडा काढता येतो. आणि इलाज संपला असं खरंखुरं कळल्यावर काय करायचं, हे ठरवायचं काम पेशंटचं. तिथं डॉक्टरांनी पडू नये. तीन आठवड्यांच्या आयुष्यासाठी घशात नळी घालून, हात बांधून, आप्तांना काचेबाहेर उभं करून जे आम्ही करतो, त्यालाही उपचार म्हणायचं मी सोडलंय.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ते जैनांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. त्यात व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको हे लिहिता येतं. आमच्यासारख्यांनी त्यात हेही लिहावं की वेदना थांबवा, पण जमेल तितकं जागं ठेवा. बुद्धी शाबूत आहे तोवर लिहा. एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, एक घरच्या डॉक्टरकडे. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. अतिदक्षता विभागातून फोन येतो तो रात्री दोनला, आणि बँक उघडते सकाळी दहाला.